या वयात मोडी शिकून काय करायचंय? तुम्ही विचारलंत म्हणून

साताऱ्यात ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्ये मी मोडी लिपीचा वर्ग घेते आणि आईबाबांना गाडीवरून सोडायला आलेली मुलं, सुना, कधी कधी नातवंडंसुद्धा मला हमखास एकच प्रश्न विचारतात, "मॅडम, या वयात मोडी शिकून त्यांना करायचंय काय?" विचारण्यात वाईट हेतू नसतो, कुणाला डोळ्यांवर ताण येईल याची काळजी असते, कुणाला वाटतं बरं आहे, दोन तास वेळ जातो. दारात उभं राहून याचं उत्तर धड देता येत नाही म्हणून आज जरा बैजवार लिहिते.

वेळ जायचं म्हणाल तर भजनी मंडळ आहे, बागेतला कट्टा आहे, सिरियली आहेत. मोडीला येणारी माणसं वेळ घालवायला येत नाहीत हो. बहुतेकांच्या घरी एक ट्रंक असते किंवा माळ्यावर जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेला कागदांचा रुमाल असतो, त्यात पणजोबांच्या हातचं काहीतरी असतं, आणि घरातल्या एकालाही ते वाचता येत नाही. आपल्याच घरातला कागद, आपलीच मराठी भाषा, तरी आपण निरक्षर. हे त्यांना आयुष्यभर सलत असतं, नोकरी, मुलांची शिक्षणं, घराचे हप्ते यात राहून गेलेलं असतं, आता वेळ मिळालाय तर ते शिकतायत. खरं तर एवढं उत्तर पुरे आहे, पण मला त्याच्याही पुढचं सांगायचंय, कारण माझ्या अनुभवात मोडी वाचायला म्हातारपण आड येत नाही, उलट उपयोगी पडतं.

आधी मोडी म्हणजे काय ते थोडक्यात. काही शतकं आपला सगळा कारभार, म्हणजे हिशेब, पत्रं, खरेदीखतं, न्यायनिवाडे, याच लिपीत चालला आणि आपण आज लिहितो ती बाळबोध मुख्यतः पोथ्यांसाठी होती. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी अक्षरं तिच्याखाली लटकवत जायची, हात शक्यतो न उचलता. दोन शब्दांत जागा नाही, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. छापखान्याच्या जमान्यात बाळबोध पुढे गेली आणि स्वातंत्र्यानंतर मोडी शाळेतूनही गेली. कागद मात्र राहिले, पुण्यात पेशवे दप्तरात आहेत, कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहेत, पार तिकडे तमिळनाडूत तंजावरलासुद्धा भोसल्यांच्या राज्यातले मोडी कागद आहेत, आणि घराघरांत आहेत ते वेगळेच.

आता यातली मेख अशी की अक्षरओळख कुणालाही होते. कॉलेजच्या पोराला तर चारआठ दिवसांत होते, त्याची नजर तरुण असते, हात चपळ असतो. पण मोडी वाचणं म्हणजे नुसती अक्षरं ओळखणं नाही. शब्द कुठे तुटतो ते तुम्हाला अंदाजाने ठरवावं लागतं, आणि अंदाज करायचा तर त्या कागदातलं जग माहीत असावं लागतं. बी-बियाणं, मापं, नाणी, नाती, सण, शेतीची कामं, देणंघेणं. ते जग आज कुणाच्या डोक्यात आहे? सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेल्यांच्याच.

एक उदाहरण सांगते. आम्ही एका जुन्या दुकानाच्या वहीचं पान वाचत होतो. वर्गात एक इंजिनियर मुलगा येतो, हुशार आहे, पटापट वाचतो, तो एका आकड्याशी अडला. चारचा आकडा आणि पुढे तीन उभ्या रेघा, दोन जवळजवळ आणि एक जरा सुटी, म्हणजे ४॥।. तो म्हणाला, चार हजार एकशे अकरा असेल का? मागच्या बाकावरून एक काका म्हणाले, "पावणेपाच आहे ते." या काकांच्या वडलांचं किराणा दुकान होतं आणि लहानपणी रोजमेळ, म्हणजे रोजचा जमाखर्च, लिहायला ते वडलांच्या शेजारी बसायचे. एक रेघ पाव, दोन रेघा अर्धा, दोन आणि एक पाऊण, हे त्यांना मी शिकवलेलं नव्हतं, ते त्यांच्या हातात साठ वर्षांपासून होतं. त्यांनी मग फळ्यावर येऊन त्या पोराला सगळं समजावलं, सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा, बारा पैंचाही आणा, आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी करत पार औटकीपर्यंत म्हणून दाखवली, औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, त्याच्या आधी ज्यांनी शाळेत आणे-पैचे हिशेब केले ती माणसं आज आपल्यात आहेत, त्यांना विचारायचं सोडून आपण गुगल करत बसतो.

दुसरी गोष्ट तारखांची. पेशवाईतल्या कागदांवर बऱ्याचदा शुहूर सन असतो, त्यात वर्षाचे आकडे अरबी शब्दांत येतात, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा. आणि हे वर्ष पाडव्याला सुरू होत नाही, जानेवारीत तर नाहीच, ते सुरू होतं सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा, जूनच्या पहिल्या आठवड्यात, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. इसवी सन काढायचा तर त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतचा कागद असेल तर ५९९ आणि जानेवारीपासून पुढचा असेल तर ६००. तरुण मुलांना हे सांगितलं की ती वहीत सूत्र लिहून घेतात आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारतात. वर्गातल्या शेतकरी घरातल्या आजींना हे एकदाच सांगावं लागलं. त्या म्हणाल्या, बरोबरच आहे की, मिरगापास्नंच वरीस धरायचं, पेरणी तवाच की. त्यांची शाळा चौथीत सुटलेली. याच आजींनी एकदा डागामुळे पुसलेला महिना सांगितला होता. कागदात शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, काढून झाल्यावर देणं फेडायचं असं काहीसं होतं आणि पुढे लिहिलेल्या महिन्याच्या नावाचं पहिलं अक्षरच दिसत नव्हतं, आम्ही सगळे भिंग लावून बसलो होतो, त्या म्हणाल्या, शाळू निघाल्यावर म्हंजी फाल्गुन लावून बगा. लावून बघितला, शेवटचे दोन फराटे जुळले.

म्हणून मी नेहमी म्हणते, लिपी मी देते आणि बाकीचं सगळं ही मंडळी घेऊन येतात.

"पण लक्षात राहतं का हो?" हा दुसरा प्रश्न, पहिल्याच्या पाठोपाठ येणारा. राहतं. वेग कमी होतो हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. नवीन गोष्ट डोक्यात शिरायला वेळ लागतो, एकदम दोन कामं सांगितली की गोंधळ होतो. पण शब्दसंपत्ती आणि आयुष्यभराचं ज्ञान हे वयाबरोबर तसं ढासळत नाही, बरेचदा साठीच्या पुढेही वाढतच असतं, असं मेंदूचा आणि वयाचा अभ्यास करणारे सांगतात, आणि मोडीला नेमकं तेच लागतं. शिवाय पाठांतराची सवय या पिढीला आहे, ते अरबी आकडे आम्ही पाढ्यांसारखे एका सुरात म्हणतो. केरळातल्या कार्त्यायनी अम्मांचं नाव ऐकलं असेल तुम्ही, २०१८ साली वयाच्या ९६ व्या वर्षी त्यांनी साक्षरतेची परीक्षा दिली आणि १०० पैकी ९८ मार्क मिळवले. आणि इतक्या लांब जायलाच नको, आपल्या ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे गावी योगेंद्र बांगर सरांनी ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू केली, गुलाबी नऊवारी हा तिथला युनिफॉर्म, साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या पाटी-दप्तर घेऊन यायच्या. ज्यांनी जन्मात पेन्सिल धरली नव्हती त्या सही करायला लागल्या. मग ज्यांना वाचता-लिहिता येतंय त्यांना अजून एक लिपी का नाही जमणार?

जमत नाही तेव्हा बहुतेक वेळा शिकवण्याची पद्धत चुकलेली असते. आमचा हॉल तळमजल्यावर आहे, वर्ग दुपारच्या चहानंतर असतो आणि अंधार पडायच्या आत सुटतो, कारण मोतीबिंदू झालेल्यांना संध्याकाळी गाडीचे लाईट डोळ्यांवर येतात आणि मग ती माणसं हळूहळू यायची बंद होतात, शिकण्याचा काही संबंध नसतो. खुर्चीला पाठ हवी, बाथरूम जवळ हवं. मी फळ्याकडे तोंड करून बोलत नाही, कारण ज्यांना कमी ऐकू येतं ते ओठांकडे बघून बरंच समजून घेतात. कागदाच्या झेरॉक्स ए-थ्री साईजच्या काढते. आणि मोबाईल तर मोठं वरदान आहे, कागदाचा फोटो काढायचा आणि दोन बोटांनी मोठा करायचा, जे भिंगाने दिसत नव्हतं ते असं दिसतं, त्या निमित्ताने कितीतरी जणांची फोनची भीतीही गेली.

परीक्षा मी घेत नाही. ज्यांना सर्टिफिकेट हवं असतं त्यांना मी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या वर्गांची माहिती देते, १९१० पासूनची संस्था आहे आणि तिथे मोडी पद्धतशीर शिकवतात. आमच्याकडे पहिल्या दिवशी प्रत्येकाने स्वतःचं नाव मोडीत लिहायचं, मग बाराखडी, आणि लिहिणं वाचण्याच्या आधी. हे मी हट्टाने करते. मोडीतलं अक्षर धावत्या हाताने बदलत जातं, तुमच्या हाताला वळण कुठून कुठे जातं ते कळलं की मगच डोळ्याला ते ओळखू येतं. कापऱ्या हाताचं काय, असंही विचारतात. बोरू जरा जाड कापायचा आणि अक्षर मोठं काढायचं, बास. पेशवेकालीन वळण रेखीव असतं म्हणून सुरुवात त्यानेच करायची, इंग्रजी अमदानीतले टाकाने घाईघाईत लिहिलेले कागद नंतर, ते खरंच अवघड असतात.

आणि उपयोग काय म्हणाल, तर २०२३ मध्ये आठवा काय झालं. मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी गावोगावच्या जुन्या दप्तरांत कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली, जन्ममृत्यूचे जुने गाव नमुना चौदा बाहेर निघाले, त्यातल्या किती नोंदी मोडीत, आणि मग सगळीकडे मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध. तुमचं आरक्षणाबद्दलचं मत काहीही असो, पण आपल्याच तहसीलमधला आपलाच कागद वाचायला माणूस मिळू नये ही गोष्ट मला फार लागली. सरकारी किंवा कोर्टाच्या कामाला आमच्या वर्गातलं वाचन चालत नाही हे मी प्रत्येकाला स्पष्ट सांगते, तिथे अधिकृत जाणकाराकडूनच लिप्यंतर करून घ्यावं लागतं. पण कागदात काय आहे, तो जाणकाराकडे न्यायच्या लायकीचा आहे की नुसता उधारीचा हिशेब आहे, एवढं घरच्या घरी कळणं हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. आणि उधारीचा हिशेबही मला तितकाच मोलाचा वाटतो, त्यात तुमच्या पणजीने लग्नाला किती तांदूळ घेतले ते असतं.

ट्रंकेचा विषय निघालाच आहे तर हात जोडून एक विनंती, जुने कागद लॅमिनेट करू नका. प्रेमापोटी करतात लोक, पण उष्णतेने आणि त्या प्लॅस्टिकने कागद कायमचा अडकतो, मग पुढे कुणी तज्ज्ञ आला तरी काही करू शकत नाही. सेलोटेपही नको, त्याचा गोंद पिवळा पडून अक्षरं खातो. दिवसाच्या उजेडात फ्लॅश न लावता फोटो काढा, दोन्ही बाजूंचे, मागे बऱ्याचदा तारीख किंवा दुसऱ्याच हाताचा शेरा असतो. कागद स्वच्छ सुती कापडात कोरड्या जागी ठेवा आणि वर्गात फोटोच घेऊन या, अस्सल कागद रिक्षातून फिरवू नका.

मुलांना माझं एवढंच सांगणं असतं की घरी गेल्यावर "आज काय शिकलात?" असं परीक्षा घेतल्यासारखं विचारू नका, त्यांच्यासमोर तो कागद ठेवा आणि शेजारी बसा. घाई करू नका, एका ओळीला अर्धा तास लागेल, मधेच ते तुम्हाला पायलीत किती शेर ते सांगायला लागतील, ते कोण सावकार होते, ती जमीन कुठल्या ओढ्याकाठी होती, कुठली आत्या कुठे दिली होती, ते विषयांतर वाटेल पण ते अडवू नका, जमलं तर फोनवर रेकॉर्ड करा. मी त्यांना लिपी शिकवू शकते, तुमच्या घरातली माणसं मला माहीत नाहीत.

पुढची बॅच दिवाळीनंतर सुरू करतोय. या वेळी कागदांत येणारे फारसी शब्द आधी घ्यायचेत, मशारनिल्हे, तागायत, साल मजकूर वगैरे, कारण मागच्या बॅचने तशी मागणीच केली आणि यादीसुद्धा त्यांनीच करून दिली. सोडायला याल तेव्हा दारातून परत जाऊ नका, आत या, मागे खुर्च्या रिकाम्या असतात.