हर्शीला जाल तर आधी कुरणं बघा

पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावात चॉकलेट अ‍ॅव्हेन्यूवरचे दिवे ‘किसेस’च्या, म्हणजे हर्शी कंपनीच्या थेंबासारख्या छोट्या चॉकलेटांच्या, आकाराचे आहेत. काही चंदेरी वेष्टनात गुंडाळलेले, काही उघडे. गर्दी तिथेच फोटोंसाठी थांबते. मी म्हणेन, आधी गावाबाहेरची कुरणं बघा. मिल्टन हर्शी यांचा चॉकलेटचा कारखाना या माळावर आला तो दुधासाठी. कोको आणि साखर आगगाडीने कुठूनही आणता येते, दूध मात्र काही तासांत नासतं.

मिल्टन हर्शी 1857 साली याच भागात जन्मले. फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कमधले त्यांचे मिठाईचे धंदे बुडाले. मधल्या काळात डेन्व्हरमध्ये ते कॅरमलमध्ये ताजं दूध घालायला शिकले, आणि त्याच जोरावर लँकेस्टरची कॅरमल कंपनी उभी राहिली. 1893 च्या शिकागो प्रदर्शनात त्यांनी चॉकलेटची जर्मन यंत्रं विकत घेतली. 1900 मध्ये कॅरमलचा धंदा 10 लाख डॉलरला विकला, चॉकलेट तेवढं ठेवलं.

खरी अडचण पुढे होती. चॉकलेट म्हणजे कोको बटरमध्ये, म्हणजे कोकोच्या बियांतल्या चरबीत, पसरलेले कोकोचे आणि साखरेचे बारीक कण. त्यात थोडं जरी पाणी गेलं तरी साखर ओलावते, कण एकमेकांना धरतात आणि चकचकीत पातळ मिश्रणाचा रवाळ गोळा होतो. दुधात तर जवळजवळ 87 टक्के पाणीच! ते आटवायचं म्हटलं की काय होतं, हे खवा करणाऱ्या कुणालाही विचारा: आच वाढली की तळाला लागतं, करपट वास शेवटपर्यंत जात नाही. म्हणून साखर घातलेलं दूध निर्वात भांड्यात आटवतात. आतला दाब कमी असल्याने पाणी कमी तापमानाला उकळतं आणि दूध करपत नाही. कंपनी आपली नेमकी रीत सांगत नाही. पण या चॉकलेटची किंचित आंबूस चव दुधाच्या स्निग्धांशातून सुटणाऱ्या ब्यूटिरिक आम्लाची आहे. युरोपीय चॉकलेटची सवय असलेल्याला ती खटकते. मला ती या मातीची खूण वाटते.

1905 मध्ये पूर्ण झालेल्या त्या कारखान्यात आता चॉकलेट बनत नाही. पाहुण्यांसाठी 1973 पासून चॉकलेट वर्ल्ड आहे. तिथल्या फुकट सफरीत यांत्रिक गायी गातात. मुलं सोबत असतील तर जरूर बसा.

किसेस 1907 चे. 1921 मध्ये यंत्र येईपर्यंत ते हाताने गुंडाळत. अमेरिकेहून पुण्या-मुंबईला येणाऱ्या बॅगांमध्ये त्यांची पिशवी असतेच, आणि मे महिन्यात घरी पोचेपर्यंत त्यांच्यावर पांढुरका थर येतो. ती बुरशी नव्हे. कोको बटर साधारण 34 अंशांना वितळतं आणि परत गोठताना त्याचे स्फटिक वेडेवाकडे जमून पृष्ठभागावर येतात. खायला काही धोका नाही. गरम दुधात विरघळवा. फ्रिजमध्ये ठेवायचे तर हवाबंद डब्यात ठेवा, आणि बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. नाहीतर दव धरतं, साखर विरघळते आणि थर खरखरीत होतो.

गावाच्या कडेला मिल्टन आणि कॅथरीन हर्शी यांनी 1909 मध्ये अनाथ मुलांसाठी काढलेली शाळा आहे. स्वतःचं मूल नव्हतं. 1918 मध्ये मिल्टन यांनी कंपनीतले आपले शेअर शाळेच्या विश्वस्त निधीला देऊन टाकले. कितीतरी दशकं इथली मुलं वर्गात जाण्याआधी गोठ्यात जाऊन गायींच्या धारा काढत.