माळ्याचं काय झालं?

आई तीन वर्षं एका बंगल्यात राहत होती. रोज संध्याकाळी साडेसात ते आठ. बंगला मालिकेतला, पण तिचा वावर घरच्यासारखा. तिजोरीची किल्ली कुणाकडे असते, जिन्याची कुठली पायरी धोक्याची, कोण कुणाशी कधीपासून बोलत नाही, सगळं तिला पाठ. त्या बंगल्यातला शेवटचा दिवस उजाडला तेव्हा मीही तिच्या शेजारी जाऊन बसले. मी ती मालिका पाहत नव्हते, पण एवढा जुना मुक्काम हलणार म्हटल्यावर सोबतीला कुणीतरी हवंच.

शेवटचा भाग अगदी शेवटच्या भागासारखा होता. ज्या काकूनं तीन वर्षं औषधं बदलली, मृत्युपत्रं बदलली, सुनांना जिन्यावरून ढकललं, तिला जाहिरातीच्या आधी पश्चात्ताप झाला आणि जाहिरातीनंतर माफीही मिळाली. हरवलेल्या भावाची स्मृती परत आली. रुसलेल्या जोड्या जुळल्या. मग सगळे जिन्यावर ओळीनं उभे राहिले, कॅमेऱ्याकडे बघून हात जोडले आणि शीर्षकगीत वाजलं. आई रिमोट हातात धरून बसून राहिली. मला वाटलं, आता डोळ्यांना पदर लागणार.

"अगं, पण त्या माळ्याचं काय झालं?" ती म्हणाली.

"कुठला माळी?"

"तो नव्हता का, मागच्या दाराशी उभा असायचा. काकूला बाटली बदलताना त्यानंच पाहिलं होतं. मुलाला बरं नाही म्हणून रजेवर गेला, तो गेलाच. कुणी विचारलंसुद्धा नाही त्याला."

"नटाच्या तारखा मिळाल्या नसतील," मी शहाणपणा केला.

"तारखा नटाच्या. माळ्याचं काय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून कुठल्याही मालिकेचा शेवटचा भाग पाहायला बसले की तो माळी माझ्या शेजारी येऊन बसतो.

(पुढे बऱ्याच मालिकांचे शेवट फोडलेले आहेत. विषयच तसा आहे, इलाज नाही.)

मालिकेला शेवट असतो हीच मुळात तशी अलीकडची गोष्ट. टीव्हीच्या पहिल्या काळात बहुतेक मालिका संपत नसत, बंद पडत. दर आठवड्याला एक स्वतंत्र गोष्ट; एके आठवड्यात ती दिसायची नाही, संपला विषय. शेवट करण्याची निर्मात्यांना धास्तीही होती, कारण शेवट कळला की जुने भाग पुन्हा कोण बघणार? 'द फ्युजिटिव्ह' या अमेरिकन मालिकेनं ते धाडस केलं. बायकोच्या खुनाचा खोटा आळ आलेला डॉक्टर चार वर्षं पोलिसांपासून पळतोय आणि एक हात नसलेल्या खऱ्या खुन्याला शोधतोय. १२० भागांनंतर, २९ ऑगस्ट १९६७ ला, तो सापडला. आळ गेला, धावणं थांबलं. लोक टीव्हीसमोर खिळून बसले होते, आणि शेवटही एक मोठा कार्यक्रम होऊ शकतो हे त्या रात्री सगळ्यांना कळलं.

पण तो निकाल होता. खटल्याचा लागतो तसा. एकच प्रश्न असला की निकाल पुरतो. ज्या मालिकांमध्ये आपण वर्षानुवर्षं नुसते जाऊन बसलेले असतो, तिथे निकालानं भागत नाही. तिथे निरोप लागतो.

'मॅश' घ्या. कोरियातलं युद्ध तीन वर्षं चाललं, त्यावरची ही मालिका अकरा. २८ फेब्रुवारी १९८३ ला दाखवलेला तिचा अडीच तासांचा शेवटचा भाग एकट्या अमेरिकेत दहा कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. युद्ध संपणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. इतिहासाच्या पुस्तकातच होतं ते. रहस्य काहीच नाही. उरलेला प्रश्न एवढासा: हॉकाय आणि बीजे हे दोन डॉक्टर मित्र एकमेकांचा निरोप कसा घेणार. बीजेच्या तोंडून तो शब्दच निघत नाही. परत भेटू म्हणतो, विषय बदलतो, आणि अगदी शेवटी, तुझ्यासाठी एक चिठ्ठी ठेवलीय, एवढंच म्हणतो. हॉकायचं हेलिकॉप्टर वर उठतं. खाली माळावर दगड रचून लिहिलेलं असतं, 'गुडबाय'. न बोललेला शब्द आणि तो आकाशातून वाचता येईल एवढा मोठा. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनात आलं, हे दगड बीजेनं एकट्यानं कधी गोळा केले असतील? रात्री? पाठ दुखली असेल. असे फालतू प्रश्न पडायला लागले की समजावं, शेवट जमलाय.

आणि एक गंमत. विनोदी मालिका हसवण्यासाठी असतात, पण निरोप त्यांना फार चांगला घेता येतो. 'मेरी टायलर मूर शो'च्या १९७७ मधल्या शेवटच्या भागात ऑफिसातले सगळे एकमेकांना मिठी मारून रडतात. नाकं पुसायला कागदी रुमाल हवेत आणि डबा आहे पलीकडच्या टेबलावर. मिठी कुणालाच सोडायची नाही. मग तो अख्खा घोळका, मिठी तशीच ठेवून, पावलं घासत घासत टेबलापर्यंत जातो. सगळे गेल्यावर मेरी दारातून परत डोकावते, रिकाम्या खोलीकडे एकदा बघते आणि दिवा मालवते. 'चिअर्स'मध्ये (१९९३) बारचा मालक अंधारात दार ठोठावणाऱ्याला सांगतो, बंद झालंय, आणि भिंतीवरची तसबीर सरळ करून आत निघून जातो. 'फ्रेंड्स'मध्ये (२००४) सगळे आपापल्या किल्ल्या ओट्यावर ठेवतात आणि कॅमेरा रिकाम्या घरात मागे रेंगाळतो. दिवा, दार, किल्ली. घर सोडताना माणूस जे करतो तेच. बांधाबांध झालेली असते, गाडी खाली उभी असते, तरी एकदा परत वर जाऊन गॅस बघून येतो आपण. गॅस बंदच असतो.

आईच्या मालिकेत तिजोरीच्या किल्लीवरून तीन वर्षं भांडणं झाली. शेवटी ती किल्ली कुणी कुठे ठेवली हे काही दाखवलं नाही.

शेवटचा भाग बघताना माझं निम्मं लक्ष घड्याळाकडे असतं. मोबाईलवर बघत असले तर बोटानं पडद्याला हळूच स्पर्श करायचा. खाली ती रेघ उमटते आणि किती मिनिटं उरली ते दिसतं. अकरा मिनिटं. आणि उरलंय काय? खुनी मोकळा, पत्र उघडायचंय, दोघं अजून एकमेकांशी बोललेले नाहीत. अकरा मिनिटांत एवढं? मग ते घाईघाईनं बोलू लागतात, आणि आजवर ज्यांनी गप्प राहून आपल्याला छळलं ती माणसं मनातलं सगळं परिच्छेदच्या परिच्छेद सांगून टाकतात. राजगादीसाठीच्या लढायांची मालिका 'गेम ऑफ थ्रोन्स', तिच्याबद्दल २०१९ मध्ये एवढा गहजब झाला तो याच हिशेबावरून. आधीच्या सहा पर्वांत दहा दहा भाग. सातव्यात सात, आठव्यात सहा. घोड्यावरून जायला जिथे अर्धं पर्व लागायचं तिथे माणसं मधल्या जाहिरातीत पोचल्यासारखी पोचू लागली. (जाहिराती नव्हत्या त्यात, पण तुम्हाला कळलं.) शेवटचं पर्व पुन्हा लिहा अशा ऑनलाइन अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या पडल्या. माझ्या मते राजा कोण झाला याच्याशी त्या सह्यांचा फारसा संबंध नव्हता. एवढ्या वर्षांच्या पाहुण्याला कुणी दाराशी चप्पल शोधायलाही वेळ दिला नाही, त्याचा तो राग होता.

याच्या उलट चूक 'हाऊ आय मेट युवर मदर'ची, आणि मला ती जास्त चटका लावणारी वाटते, कारण तिच्यामागे निष्काळजीपणा नाही, काळजीच आहे. एक बाप आपल्या दोन मुलांना सोफ्यावर बसवून, तुमची आई मला कशी भेटली, हे सांगतोय. २००५ ते २०१४, नऊ पर्वं. मुलं तेवढ्या काळात मोठी होणार, चेहरे बदलणार. म्हणून शेवटच्या प्रसंगातलं मुलांचं बोलणं २००६ मध्येच चित्रित करून कुलूपबंद ठेवलं. त्यात ठरलेलं होतं की आई वारलेली आहे आणि मुलं बापाला सांगतात, तुम्ही जुन्या मैत्रिणीकडे जा. मुलांचे चेहरे बदलले नाहीत. मधल्या आठ वर्षांत प्रेक्षकांचे बदलले. शेवटच्या पर्वात ती आई प्रत्यक्ष भेटली आणि लोकांना फार आवडून गेली. त्याच मैत्रिणीच्या दुसऱ्याशी होणाऱ्या लग्नाच्या शनिवार-रविवारात जवळजवळ सगळं पर्व गेलं. आणि शेवटच्या भागात ते लग्न मोडलं, आई गेली, आणि बाप निघाला जुन्या वाटेनं. पुढे डीव्हीडीत आई जिवंत राहते असा दुसरा शेवटही दिला. लिहिणाऱ्यांनी शब्द पाळला होता, हे मला मान्य आहे. पण तो मालिकेच्या पहिल्या दिवसाला दिलेला शब्द होता. लहानपणी शिवून ठेवलेला लग्नातला कोट माणसाला घालून बघावा, तसं झालं.

मग शेवट आधी ठरवूच नये का? तसंही नाही. 'सिक्स फीट अंडर' ही अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबाची मालिका. तिचे भाग कुणाच्या तरी मरणानं सुरू व्हायचे. पांढऱ्या पडद्यावर नाव, जन्माचं साल, मृत्यूचं साल. २००५ मधल्या शेवटच्या भागात धाकटी मुलगी गाडी घेऊन घर सोडून निघते, आणि रस्ता पुढे सरकत असताना मुख्य माणसांतल्या उरलेल्या प्रत्येकाचं मरण आपल्याला दिसतं. नाव, साल, साल. माळ्याचं काय झालं, याचं इतकं पुरेपूर उत्तर दुसऱ्या कुणी दिलेलं मला आठवत नाही. हे दुसऱ्या मालिकेत केलं असतं तर भीषण विनोद झाला असता. इथे ते शोभतं, कारण ते साल लिहिण्याची सवय तिनं आपल्याला पहिल्या दिवसापासून लावलेली होती.

'सोप्रानोज'नं १० जून २००७ ला जे केलं त्यावर अजून वाद चालू आहे. हॉटेलात बसलेला गुंडांचा म्होरक्या, बायको आणि मुलगा आलेत, मुलगी बाहेर गाडी लावतेय आणि ती नीट लागत नाहीये. दार उघडल्याची घंटा वाजते, तो मान वर करतो आणि पडदा काळा. आवाजही बंद. कित्येकांना वाटलं, नेमकी आत्ताच केबल गेली. निकाल नाही, निरोप नाही. मला आधी राग आला होता. आता वाटतं, जो माणूस आयुष्यभर दाराकडे बघत बसला, त्याला दाराकडे बघतानाच सोडलं, हे बरोबरच आहे. रोज असा शेवट मात्र कुणी करू नये. त्याची नक्कल करून कुणी मध्येच तोडलं की तो सरळ आळशीपणा वाटतो.

आणि कधी कधी शेवट लिहिणाऱ्याच्या हातून होतच नाही, संकलकाच्या टेबलावर होतो. 'ब्लॅकअ‍ॅडर' या ब्रिटिश विनोदी मालिकेचं चौथं पर्व पहिल्या महायुद्धातल्या खंदकात घडतं. १९८९ मधल्या शेवटच्या भागात खंदकातली पात्रं बाहेर पडून मरणाकडे धावतात. सेट तोकडा होता, चित्रित झालेला तुकडा अगदीच सुमार निघाला. मग तोच तुकडा संथ गतीनं दाखवला आणि ती रणभूमी हळूहळू पॉपीच्या लाल फुलांच्या शेतात विरघळवली. सहा भाग हसलेली माणसं गप्प झाली.

आपल्याकडे मालिका बंद होण्याला फार नेमका शब्द आहे: गुंडाळणं. अंथरूण गुंडाळावं तशी मालिका गुंडाळतात. आधी पाणी घालून घालून वाढवायची, मग टीआरपी घसरला की एका आठवड्यात गुंडाळायची. गुंडाळताना आत काय राहिलं हे कोण बघतं? चादरीच्या घडीत चष्मा राहून जावा तसा आईचा माळी तिथे राहिला.

मधे आठ-नऊ महिने गेले. एका संध्याकाळी जेवताना मी चॅनेल बदलत होते. कुठल्याशा नव्या मालिकेत कोर्टाचा प्रसंग चालू होता. काळा कोट घातलेला एक माणूस उठून उभा राहिला आणि मी घास तसाच ठेवून आईला फोन लावला.

"आई, माळी सापडला."

"कुठे?" एक क्षणही न दवडता ती म्हणाली. कुठला माळी, असं तिनं विचारलंच नाही.

"वकील झालाय."

पलीकडे जरा शांतता. मग तिनं विचारलं, "आणि मुलाची तब्येत?"