सपाट रस्त्याचा बेत

कोजागिरीच्या रात्री हडपसरहून भिगवणला सायकलने जायचं, हे ठरायला एक चहा पुरला. कसं जायचं हे ठरवताना तीन आठवडे गेले, आणि हवा भरायच्या पंपाचं अजून ठरायचंच आहे.

"सोलापूर रस्ता म्हणजे काय, परातीसारखा सपाट! झोपेत जाऊ," असं पहिल्याच बैठकीत एकजण म्हणाला. हा गडी घाटात कधी गेलेला नाही, हे तिथेच कळलं. घाट चढताना जीव जातो खरा, पण उतारावर तो परत मिळतो. पायडल न मारता चार-पाच किलोमीटर फुकट. सपाटीवर फुकट काहीच मिळत नाही. शंभर किलोमीटर म्हणजे शंभर किलोमीटर पाय फिरवायचे. बूड बधिर होतं ते वेगळंच. विसावा रस्ता देत नाही म्हटल्यावर तो आपणच आखून घ्यावा लागतो. त्यामुळे आमचा बेत म्हणजे निव्वळ थांब्यांची भांडणं आहेत. उरुळी कांचनला चहा, यवतला पाणी, चौफुल्याला मसाला दूध. तिथे लावणीची थिएटरं आहेत, म्हणून चौफुल्याचा थांबा फक्त दहा मिनिटांचा ठेवलाय. पुढे पाटस, मग कुरकुंभ. कुरकुंभला जरासा चढ लागतो. एरवी कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण पहाटे तीनला तो भुलेश्वरच्या घाटाएवढा वाटेल.

तारखेवरून बरीच घासाघीस झाली. एकाला फ्लेमिंगो बघायचे होते. ते भिगवणला उजनी धरणाच्या पाणलोटात थंडीत उतरतात, ऑक्टोबरात नाहीत. पण थंडीत ऊस सुरू असतो. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर लोंबणारा, मागे दिवा असला तर नशीब. अंधारात अशी ट्रॉली दिसत नाही, एकदम अंगावर येते. तेव्हा गळीत सुरू व्हायच्या आत, म्हणजे कोजागिरीलाच. फ्लेमिंगोवाला अजून रुसलेला आहे.

कोजागिरीचा आणखी एक फायदा मला नंतर सुचला. रस्ता पूर्वेकडचा. अकराला निघालो की चंद्र समोर, बराच वर. मध्यरात्रीच्या सुमारास डोक्यावर. आणि पहाटे पाठीमागे. म्हणजे शेवटचा टप्पा आपापल्या सावलीचा पाठलाग करत जायचं. साडेसहाच्या आसपास सूर्य समोर उगवेल, तेव्हा पाण्याकाठी बसलेलं असायचं. हे मी उत्साहाने सांगितलं, तर पहिला प्रश्न आला, "तिथे मासे तळून किती वाजता मिळतात?"

सामानाची यादी काकांकडे आहे. वय बासष्ट. एकेकाळी पुण्यात दिव्याशिवाय डबलसीट जाताना पोलिसाने धरून चाकातली हवा सोडली होती, तेव्हापासून दिव्याबाबत ते कडक. मागचा लाल दिवा स्थिर ठेवायचा, लुकलुकता चालणार नाही; मागून येणाऱ्याचे डोळे पाच तास कोण जाळून घेणार? माणशी दोन ट्यूब. कडेला उतरलं की सराटे लागणारच, आणि पंक्चरवाल्याला रात्री दोनला उठवायची सोय नाही. घोळ पंपाचा आहे. निम्म्या सायकलींचा व्हॉल्व्ह जाड, निम्म्यांचा बारीक, आणि दोन्हीला चालणारा पंप ज्याच्याकडे आहे त्याचं येणंच अजून "बघतो"वर अडलंय.

वेग ताशी वीस धरलाय. हा वेग सगळ्यात हळू चालवणाऱ्याचा, आणि तोच पुढे राहणार. तो मी. शेवटी पांढरा शर्ट घातलेले काका. त्यांच्या मागे कुणी राहायचं नाही. कुत्री मागे लागली तर सायकल पळवायची नाही, उतरून ती मध्ये धरायची, असंही ठरलंय. प्रत्यक्षात सगळे पळवणार.

"येतो" म्हणणारे अकरा होते, आता सात उरलेत. आत्ताच काकांचा मेसेज आला: चौफुल्याचा थांबा वीस मिनिटांचा करा.