आईची चार मीटरची दोरी

गहू काढायला आला की आमच्या घरात दोन माणसांचं अजिबात पटत नाही, दादा आणि आई. दादा हार्वेस्टर चालवतो, आई त्याच्या मागून चालते. माझ्याकडे ट्रॅक्टर-ट्रॉली, बाबांकडे ओलावा मोजायचं यंत्र.

सकाळी दव होतं, म्हणून 10 वाजेपर्यंत नुसते बसून होतो. बाबांनी तीनदा ओंब्या चोळून दाणे यंत्रात घातले. 15 टक्के, साडेचौदा, मग 13. "चला." (साठवायला 12च्या आत लागतो, उरलेलं काम ताडपत्रीवरचं ऊन करतं.)

दुपारी आभाळ भरून आलं. पिकलेला गहू भिजला की दाण्याची चमक जाते, पाऊस लांबला तर ओंबीतच मोड येतात. दादानं वेग वाढवला आणि नेमकं तेव्हाच आईनं हात वर केला.

तिच्याकडे 4 मीटरची दोरी आहे, दर मीटरला गाठ. गाठींपाशी खुंट्या रोवल्या की एक चौरस मीटरचा चौकोन. भुसा हातानं बाजूला सारायचा आणि दाणे मोजायचे. मशीनमागे तीन ठिकाणी, शिवाय एकदा उभ्या पिकात, कारण आपसूक गळलेले दाणे मशीनच्या नावावर टाकायचे नाहीत. (ही न्यायबुद्धी आम्हा भावंडांच्या भांडणात कुठे जाते कोण जाणे.) मानेत कुसळं टोचत असताना मी गुडघ्यांवर बसून मोजत होते. मागे सरासरी 170, उभ्या पिकात 20. म्हणजे मशीनचे 150. हजार दाण्यांचं वजन 40 ग्रॅम धरलं तर हेक्टरी 60 किलो जमिनीवर.

"एवढ्यासाठी पाऊस अंगावर घ्यायचा?" दादा वरूनच ओरडला.

आईनं मागे पडलेल्या ओंब्या चुरून बघितल्या. रिकाम्या. "मळणी बरोबर होतेय. चाळणीला झेपत नाहीये, दाणे भुशाबरोबर चाललेत. हळू चालव."

तो काही बोलला नाही, पण वेग उतरवला. पुढच्या मोजणीत 55, त्यातले 20 वजा.

शेवटच्या दोन फेऱ्या राहिल्या आणि सर आलीच. ट्रॉलीवर ताडपत्री ओढताना दादा म्हणाला, "जोरात नेलं असतं तर याही झाल्या असत्या." खरं होतं ते.

आई दोरी गुंडाळत होती. "दोन फेऱ्यांत किती भरला असता?"

बाबांनी माझ्याकडे कागद मागितला.