ईमच्या चर्चमध्ये प्लेगची थडगी शोधताना

इंग्लंडच्या डर्बीशरमधल्या ईम गावी लोक येतात ते प्लेगच्या इतिहासासाठी, आणि सेंट लॉरेन्स चर्चच्या आवारात शिरल्या शिरल्या थडग्यांच्या रांगा शोधू लागतात. त्या तिथे नाहीतच. सप्टेंबर १६६५ मध्ये लंडनच्या कापडाबरोबर पिसवा आल्या आणि शिंप्याचा मदतनीस जॉर्ज व्हिकर्स पहिला गेला. पुढच्या उन्हाळ्यात पाद्री विल्यम मॉम्पेसन यांनी आवारातलं दफनच थांबवलं. ज्याने त्याने आपला माणूस परसात नाहीतर शेतात पुरायचा. प्रार्थना कुकलेट डेल्फच्या दरीत, उघड्यावर. गावाबाहेर जायचं नाही हेही गावकऱ्यांनी आपणहून मान्य केलं. पुण्याच्या १८९७ च्या प्लेगमधली सरकारी सक्ती ऐकून असलेल्यांना हे नवल वाटेल.

आवारात पाहायचं ते याला अपवाद ठरलेलं, पाद्र्यांच्या पत्नीचं, कॅथरीनचं थडगं. ती २५ ऑगस्ट १६६६ ला गेली. थडगं जुन्या सॅक्सन क्रॉसजवळच आहे. हा क्रॉस आठव्या शतकातला. खांबाचा वरचा तुकडा हरवलाय आणि माथा उरलेल्या भागावर थेट बसवलाय, म्हणून तो बुटका दिसतो. अक्षरं पुसट झालेल्या दगडांवर टॉर्च समोरून मारू नका, कडेने तिरपा धरा. खाचांत सावली पडते आणि नाव वाचता येतं. खडू किंवा ब्रश मात्र अजिबात नको, दगडाचे पापुद्रे सुटतात.

दक्षिण भिंतीवरचं १७७५ चं सूर्यघड्याळ उन्हाळ्यात आपल्या घड्याळाच्या तासभर तरी मागे दिसेल. ते बिघडलेलं नाही. उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करायची ती सरकारी उन्हाळी वेळ त्याला ठाऊक नाही, इतकंच.

क्रिकेटवेड्यांनी हॅरी बॅगशॉ यांचा दगड चुकवू नये. डर्बीशरचे हे खेळाडू पुढे अंपायर झाले, १९२७ मध्ये वारले. दगडावर उडालेल्या यष्ट्या कोरल्यात आणि वर अंपायरचं उंचावलेलं बोट. स्वतःलाच आउट देणारा दुसरा अंपायर माझ्या तरी पाहण्यात नाही.

आत प्लेगने गेलेल्यांच्या नावांची यादी आहे, आणि १९८५ ची रंगीत काचेची खिडकी. लंडनच्या कापडाच्या पेटीपासून केलेलं म्हणून एक कपाट दाखवतात. ती आख्यायिका समजून पुढे व्हावं.

खरी प्लेगची थडगी पाहायची तर गावाच्या पूर्वेला चढ चढून रायलीच्या शेतात जायचं. एलिझाबेथ हॅनकॉकने ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं इथे एकटीने पुरली. भोवतीची गोल भिंत नंतरची. पाऊस झाला असेल तर बूट हवेतच. स्टोनी मिडलटनच्या वाटेवरचा सीमेचा दगड वेगळ्या दिशेला आहे, त्याला निराळा वेळ ठेवा. रोग नाण्यांबरोबर जाऊ नये म्हणून त्याच्या भोकांत व्हिनेगर भरून त्यात नाणी ठेवायची आणि शेजारच्या गावाने बदल्यात अन्न ठेवून जायचं, असा व्यवहार होता.