रविवारचे शटर

जळालेली मोटार घेऊन पहिल्यांदाच आमच्या दुकानात आलेला शेतकरी पावती खिशात ठेवता ठेवता एक प्रश्न हमखास विचारतो. “रविवारी बंद कशामुळं ठेवता हो? आमची पिकं काय रविवारी पाणी पीत नाहीत?” चर्चमधली मंडळी हाच प्रश्न उलट्या बाजूने विचारतात: “दुकान रविवारी बंद असते म्हणता, मग मागच्या रविवारी उपासना सुटल्या सुटल्या टेम्पोत बसून कुठे निघाला होता?” दोघांनाही मी आजवर गल्ल्यावर किंवा चर्चच्या पायरीवर तुटक उत्तरे देत आलो. या वेळी दोघांसाठीही सविस्तर लिहितो.

जालना जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझे मोटार रिवायंडिंगचे, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरून देण्याचे, दुकान आहे. विहिरीवरच्या आणि बोअरमधल्या पाणबुडी मोटारी हे आमचे मुख्य काम, आणि माझ्याखेरीज तिघे जण तेथे काम करतात. शेतीला थ्री फेज वीज जेमतेम आठ तास, तीही पाळीने कधी दिवसा तर कधी मध्यरात्री मिळते. आली की सगळ्या शिवारातल्या मोटारी एकदम सुरू होतात, विजेचा दाब उतरतो, आणि कुणाची ना कुणाची मोटार जळते. दिवाळीपासून पाऊस पडेपर्यंत आम्हाला मान वर करायला सवड नसते. अशा दिवसांत आठवड्यातला एक दिवस शटर खाली ठेवल्याने नुकसान होत नाही असे मी म्हणणार नाही, कारण ते होते. दुसऱ्या गल्लीतले दुकान रविवारी उघडे असते आणि माझी काही गिऱ्हाइके तिकडे गेली ती परत आली नाहीत.

मोटारीचा धंदा असल्यामुळे मी आता ‘यंत्रालासुद्धा विश्रांती लागते’ असा दृष्टांत देईन, अशी कुणाची अपेक्षा असेल तर ती मला पुरी करता येणार नाही. दाब नीट असला, बोअरला पाणी असले आणि तार योग्य जाडीची भरलेली असली, तर चांगली पाणबुडी मोटार सलग चालण्यासाठीच बनवलेली असते. तिला रविवार लागत नाही. पवित्र शास्त्रातला विसावाही थकव्यावरचा उपाय म्हणून आलेला नाही. त्यातल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात देव सातव्या दिवशी विसावा घेतो तो दमला म्हणून नव्हे, तर काम पूर्ण झाले म्हणून. आमचे काम कधी पूर्ण होत नाही. दुकानाच्या दारात शनिवारी रात्रीही पाच-सात मोटारी पडलेल्या असतात. त्या तशाच पडलेल्या असताना कुलूप लावणे, हे मला अनेक वर्षे जड गेले.

शब्बाथ, म्हणजे आठवड्यातला विसाव्याचा दिवस, मुळात शनिवारचा; यहुदी लोक तो आजही शनिवारी पाळतात आणि ख्रिस्ती मंडळ्यांपैकीही काही शनिवारच मानतात. आम्ही बहुतेक जण प्रभू पुन्हा उठला तो दिवस म्हणून रविवारी जमतो. वारावरून वाद घालण्यात मला रस नाही. मला अडवले ते वेगळ्याच गोष्टीने. दहा आज्ञा पवित्र शास्त्रात दोनदा येतात आणि शब्बाथाचे कारण दोन्ही ठिकाणी निराळे दिलेले आहे. निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात कारण आहे सृष्टीची उत्पत्ती. अनुवाद या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात मात्र सांगितले आहे की तू मिसर (इजिप्त) देशात दास होतास याची आठवण ठेव, आणि तुझ्या दासदासींना तुझ्यासारखाच विसावा मिळू दे. लहानपणापासून मी पाठ केली होती ती निर्गमातली आज्ञा. दुसरी वाचली होती, पण मनावर घेतली नव्हती.

वास्तविक माझ्या घरातच तिचा अर्थ कळायला हवा होता. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री पुढे जालन्यात कामाला आले आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. तेथे आलेली कुटुंबे प्रामुख्याने मांग आणि महार समाजातील होती. आमचे घराणे बेथेलचे नव्हे, पण त्याच पट्ट्यातले आणि त्याच समाजातून आलेले. निजामाच्या मुलखातली वेठ म्हणजे काय, हे माझ्या पणजोबांनी भोगले होते. पाटलाचा माणूस दारात येऊन हाक मारील तेव्हा निघायचे, ओझे वाहायचे, सरपण फोडायचे, सांगावा घेऊन दुसऱ्या गावी पळायचे. त्यात कोणता वार आपला असा हिशेबच नव्हता. आजी सांगत असे की ख्रिस्ती झाल्यावर पणजोबांना प्रथम कळलेली गोष्ट म्हणजे रविवार. इतर उपदेश नंतर कळला, कितपत कळला कोण जाणे, परंतु आज मला कुणाच्या दारात जायचे नाही, हे त्यांना पहिल्याच रविवारी कळले.

आणि त्यांचा पणतू दुकानाचा मालक झाल्यावर काय करीत होता, तेही सांगितले पाहिजे. सुरुवातीची सहा-सात वर्षे माझे शटर रविवारी खाली असे आणि मी चर्चमध्ये पहिल्या बाकावर असे. पण रविवारचे काम भरून काढण्यासाठी कामावरच्या मुलांना शनिवारी रात्री बारापर्यंत थांबवून घेत असे; एकाला तर रविवारी सकाळी मागच्या दाराने बोलावून जुन्या स्टेटरमधली (मोटारीच्या न फिरणाऱ्या भागातली) जळकी तार उपसायला लावत असे, कारण त्या कामाला गिऱ्हाईक लागत नाही आणि ते रस्त्यावरून दिसतही नाही. त्या मुलाची आई एकदा घरी आली. भांडली नाही. चहा घेतला आणि जाताना माझ्या पत्नीला म्हणाली, “मालकाचा देव लई चांगला, बाई. मालकाला सुट्टी देतो.” मी आतल्या खोलीत होतो आणि मला ऐकू आले. अनुवादाचा पाचवा अध्याय मी त्या दिवशी पुन्हा काढून वाचला.

त्यानंतर दोन बदल केले. पहिला वेळेचा: शनिवारी सायंकाळी सात वाजता हातातले काम जेथे असेल तेथे थांबते. दुसरा पैशाचा, आणि तो अधिक अवघड होता. तोवर मी रोजावर पैसे देत असे, म्हणजे रविवार पाळत होतो मी आणि रोज बुडत होता त्यांचा. रोजंदारीवरच्या माणसाला बिनपगारी सुट्टी म्हणजे सक्तीचा उपास होय. मी तिघांनाही महिन्याच्या पगारावर घेतले आणि चार रविवार त्यात धरले. पहिल्या वर्षी नफ्यात खड्डा पडला तो अजून वहीत दिसतो. दुकानातला एक कारागीर मुसलमान आहे. तो शुक्रवारी दुपारी नमाजाला जातो, त्याचे ते दोन तास मी कधी मोजले नाहीत. पोळ्याला दुकान बंद असते. ख्रिस्ती माणसाने पोळ्याची सुट्टी का द्यावी, असे आमच्यातलेच एक वडील सभासद मला विचारून बसले. मी त्यांना निर्गमाचा तेविसावा अध्याय दाखवला, ज्यात शब्बाथाच्या विसाव्यात बैल आणि गाढव यांची नावे माणसांच्या आधी येतात. खांदेमळणीच्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-तुपाने चोळून त्याला उद्याच्या जेवणाचे आवतण देणाऱ्या आमच्या शेतकऱ्याला ते वचन समजावून सांगावे लागणार नाही.

रविवारची सुट्टी ही इंग्रजांची किंवा मिशनऱ्यांची देणगी आहे, असे म्हणणाऱ्यांना मी एक तारीख आवर्जून सांगतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली, ती सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी कित्येक वर्षे झगडून मिळवली. राज्य करणाऱ्या इंग्रज साहेबांना शब्बाथाची आज्ञा तोंडपाठ असणार. तिची आठवण त्यांना ख्रिस्ती नसलेल्या माणसाने करून द्यावी लागली, याची आम्हा ख्रिस्ती लोकांना थोडी लाज वाटली तर बरे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकान वर्षाचे सर्व दिवस उघडे ठेवण्यास मुभा दिली, पण प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुट्टी देणे मालकावर बंधनकारक केले. तिघांच्या दुकानाला त्या कायद्यातल्या बहुतेक तरतुदी लागूच होत नाहीत. माझ्यापुरती आज्ञा तेवढी लागू आहे.

वर सांगितलेला मुलगा, जो आज माझा सर्वांत चांगला कारागीर आहे, त्याचे आईवडील दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि एक दिवस कामाला दांडी झाली की लागणारा खाडा. खाड्याचे पैसे अंगावर चढतात आणि उचल फिटत नाही. तेथे वार नसतोच. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला आणि चौकशी समिती नेमली गेली, तेव्हा पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही हे कारण अनेकींनी सांगितले होते. रोमी सम्राट कॉन्स्टंटाइन याने ३२१ साली रविवारी सुट्टीचा हुकूम काढला, त्यात शहरांतील न्यायाधीश आणि कारागीर यांना काम बंद करायला सांगितले आणि शेतात राबणाऱ्यांना मात्र काम चालू ठेवण्याची मोकळीक दिली, कारण पेरणीची वेळ टळू नये. हेतू चांगला असेल, पण शहराला सुट्टी आणि शेताला मोकळीक ही वाटणी तेव्हापासून चालत आली आहे. निर्गमाच्या त्याच तेविसाव्या अध्यायात दासीचा मुलगा आणि ‘उपरी’, म्हणजे दुसऱ्या मुलखातून येऊन राहिलेला, यांचाही जीव हुशार, म्हणजे ताजातवाना, व्हावा असे म्हटले आहे. सोनपेठचा किंवा वडवणीचा माणूस कोल्हापूरच्या उसाच्या फडावर उपरीच असतो. माझ्या शटरने त्याचा काही उपयोग होत नाही, हे मला ठाऊक आहे. चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी मी त्यांची आठवण मोठ्याने काढतो आणि काहींना ते राजकारण वाटते.

आता टेम्पोचा प्रश्न. पाणबुडी मोटार पुन्हा भरायला आम्हाला एक-दोन दिवस लागतातच, त्यामुळे रविवारी दुकान उघडे असते तरी त्या दिवशीच पाणी सुरू झाले असते असे नाही. शेतकऱ्याला हवे असते ते त्याच दिवशी पाणी. म्हणून मी पाच हॉर्सपॉवरच्या दोन जुन्या मोटारी विकत घेऊन, भरून, बदलीसाठी ठेवल्या आहेत. शनिवारी जळालेली मोटार घेऊन कुणी आला की बदलीची मोटार तो घेऊन जातो आणि त्याची मोटार तयार झाली की परत आणून देतो. भाडे घेत नाही. अरण्यात इस्राएल लोकांना देवाकडून मिळणारे अन्न, म्हणजे मान्ना, सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करावा लागे, ही गोष्ट मला धर्मोपदेशापेक्षा दुकानदारीची सूचना म्हणून अधिक उपयोगी पडली आहे. रविवार पाळायचा तर तो शनिवारी पाळायला घ्यावा लागतो.

तरीही उन्हाळ्यातल्या एखाद्या रविवारी कुणाची मोसंबीची बाग माना टाकत असते आणि दोन्ही बदल्या बाहेर असतात. शब्बाथ दिवशी बैल आडात पडला तर तुमच्यापैकी कोण त्याला लगेच वर काढणार नाही, असे येशूने परूश्यांना, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुद्यांना, विचारले ते लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात आहे, आणि आमच्या भागात ज्याने विहिरीत पडलेले जनावर दोराने ओढून काढले आहे त्याला त्यावर भाष्य नको. अशा वेळी मी जातो, पण मी एकटा जातो. कारागिरांना हाक मारीत नाही. मोटार वर ओढायला शेतकऱ्याचे भाऊबंद असतातच. सामानाचे पैसे घेतो, मजुरी घेत नाही. एका बागवानाला हे अपमानास्पद वाटले आणि त्याने सोमवारी दोन डझन मोसंबी दुकानात आणून आपटली. ती आम्ही चौघांनी खाल्ली.

हे सगळे असूनही माझ्या विश्वासाची परीक्षा रविवारी होत नाही, असे मला वाटते. आमोस या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात धान्याचे व्यापारी विचारतात की शब्बाथ कधी सरेल, म्हणजे आम्ही गव्हाची कोठारे उघडू, माप लहान करू, आणि खोट्या ताजव्याने फसवू. लक्षात घ्या, ते व्यापारी शब्बाथ पाळत होते. त्यांचीही शटरे खालीच होती. आमच्या धंद्यात माप लहान करण्याच्या जागा पुष्कळ आहेत. तांब्याच्या जागी ॲल्युमिनियम भरता येते, एक गेज बारीक तार वापरता येते, आणि वरून काहीच दिसत नाही. मोटार आठ महिन्यांनी जळते आणि दोष दाबावर जातो. जळकी तार तर बहुतेक ठिकाणी दुकानदाराचीच असे गृहीत धरले जाते. माझ्या वडिलांनी दुकानाच्या भिंतीवर ‘जे काही तुम्ही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा’ हे वचन रंगवून घेतले होते, आणि त्याच भिंतीखाली मी कित्येक वर्षे लोकांची जळकी तार न सांगता भंगारात घातली. आता जुनी तार गिऱ्हाइकासमोर काट्यावर ठेवतो, वजन पावतीवर लिहितो, आणि तिचे पैसे बिलातून वजा करतो. दुकान सोडून पूर्णवेळ सेवेत या, असे आमच्या एका पाळकांनी मला पूर्वी सुचवले होते. काटा येऊन चार वर्षे झाल्यावर त्यांनी स्वतःची मोटार आणली, वजन पाहिले, पावती वाचली, आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

आज शनिवार आहे. दोन्ही बदल्या दुपारीच बाहेर गेल्या, एक वाटूरकडे आणि एक अंबडच्या बाजूला. तिसरी मोटार भरायला घेतली होती, पण सात वाजले तेव्हा तिचे निम्मे स्लॉट, म्हणजे तार भरायच्या खाचा, रिकामेच होते. ती तशीच झाकून ठेवली आहे.