तारली, पण सिसिलीच्या पद्धतीची

कोकणात तारली आली की तिखलं होतं, नाहीतर तळण. सिसिलीतल्या पालेर्मोला याच कुळातली मासळी भरून, गुंडाळून भाजतात. नाव 'सार्दे आ बेक्काफिको'. श्रीमंतांच्या ताटातल्या छोट्या पक्ष्यांऐवजी गरिबांनी स्वस्त मासळी वापरली, त्यातून हा पदार्थ आला असं सांगतात.

अर्धा किलो तारली पोट न फुटलेली, घट्ट अशीच घ्या. मऊ पडलेली तारली काटा काढताना फाटते. डोकं काढून पोट चिरा, अंगठ्याने मधला काटा शेपटीपर्यंत सोडवा आणि तिथेच मोडा. शेपटी राहू द्या.

१०० ग्रॅम ब्रेडचा चुरा तीन चमचे ऑलिव्ह तेलात मंद आचेवर सोनेरी भाजा. हे टाळलं तर सारण लगदा होतं. त्यात २५ ग्रॅम भिजवलेले बेदाणे, तेवढेच चिलगोजे, पार्सली, मीठ, मिरी. चिलगोजे फार महाग; काजूचे तुकडे चालतात, चव मात्र गोडसर होते. संत्र्याचा रस मूठ जेमतेम वळेल इतकाच घाला.

कातडी बाहेर ठेवून, आत सारण भरून शेपटीकडे गुंडाळा, ताटलीत खेटून लावा. सैल लावल्या तर उलगडतात. मध्ये तिकडचं लॉरेलचं पान हवं. आपल्या तमालपत्राला दालचिनीचा वास येतो, म्हणून दोनच पानं पुरे. वरून रस आणि तेल. ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सियसवर १५ ते २० मिनिटं, त्याहून जास्त नको, मासळी कोरडी पडते. कोमट झाल्यावरच वाढा.

सिसिलीतल्याच कातानिया शहरात चीज घालून, दोन मासळ्यांमध्ये सारण दाबून तळतात. तेही उत्तम.